पान कधीच उघडलं होतं

"अहो, उघडलंय की ते कधीचं," पाण्याची बाटली भरायला जाता जाता शेजारच्या टेबलावरच्या झटपटबाई माझ्या खुर्चीमागून म्हणाल्या. बस, एवढंच. आवाजात कुचकेपणा नव्हता. असता तर बरं झालं असतं, मी दोन शब्द सुनावले असते आणि विषय तिथेच संपला असता. मी स्क्रीनकडे बघितलं. म्हणजे बघतच होतो, पण आता पुन्हा बघितलं. फिरणारं चाक गेलेलं होतं. डाव्या बाजूला जुन्या नोंदवहीचं पिवळट पान, उजव्या बाजूला भरायचे रिकामे चौकोन, पहिल्या चौकोनात लुकलुकणारी रेघ, सगळं मांडून तयार. आणि मी हाताची घडी घालून ते उघडायची वाट बघत बसलो होतो. किती वेळ, ते मला माहीत नाही. माहीत असेल तर झटपटबाईंना, आणि त्यांना मी विचारणार नव्हतो. बरं, डोक्यात दुसरा काही विचार चालू होता म्हणावं, तर तोही आठवेना. माणूस घरच्या कटकटीत बुडालेला असतो, तसलं काही असतं तरी चाललं असतं. काहीच नव्हतं. मी मोठ्याने म्हणालो, "काय करणार, हा डबाच असला आहे. मरणाचा स्लो." त्या "हं" म्हणाल्या आणि गेल्या. मग मी उठलो, तरातरा मोठ्या बाईंच्या, म्हणजे आमच्या साहेबांच्या, केबिनबाहेरच्या कपाटापाशी गेलो आणि तक्रारवहीत लिहिलं, संगणक अत्यंत संथ चालतो, त्वरित दुरुस्ती व्हावी. 'अत्यंत'खाली रेघही ओढली.

आमच्याकडे काम एकच. जन्माच्या जुन्या वह्यांचे फोटो कॉम्प्युटरवर चढवलेत, ते हाताचं अक्षर वाचायचं आणि चौकोनांत टाइप करायचं. मूल, आई, बाप, तारीख, कळवायला कोण आलं होतं. ऐकायला सोपं वाटतं. वाचायला बसा म्हणजे कळेल. ज्यांनी ते लिहिलं ते कारकून कधीच मेले, पण मी त्यांना अक्षरावरून ओळखतो. एकाला मी शेपटे म्हणतो, कारण त्याचं प्रत्येक अक्षर खालच्या ओळीत शेपूट सोडतं. एक आहे तो दुपारनंतर बिघडतो, सकाळच्या नोंदी मोत्यासारख्या आणि जेवणानंतरच्या कोंबडीने पाय ओढल्यासारख्या. झटपटबाई कितीही झटपट असल्या तरी शेपटेचं पान आलं की खुर्ची माझ्याकडे सरकवतात. "हे काय लिहिलंय हो?" मी वाचून देतो. अकरा वर्षं देतोय. तेव्हा मला काम येत नाही असं कोणी म्हणू नये. पण दर महिन्याला फळ्यावर एक कागद लागतो, कोणी रोज सरासरी किती नोंदी केल्या त्याचा. माझ्या साठाच्या खाली कधी नव्हत्या. गेल्या महिन्यात अडतीस. मोठ्या बाईंनी जिन्यात भेटल्यावर फक्त विचारलं, "बरं आहे ना सगळं?" आणि मी म्हटलं, "मला काय धाड भरलीय? कॉम्प्युटर बघा तो." नाचता येईना अंगण वाकडं, हे मी आयुष्यभर दुसऱ्यांना ऐकवत आलोय. कॉम्प्युटर खरंच स्लो होता, ही गोष्ट वेगळी. खरंच होता. मी मोजलं होतं, एक पान उघडायला अकरा सेकंद. पण अकरा सेकंदांनी साठाचे अडतीस होत नाहीत, एवढा हिशोब मला येतो. तो मी पुरता मांडून बघत नव्हतो इतकंच.

आमच्या वडिलांनी एकदा एका कोटाला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या. तसे ते शिंपी, कटिंगमधले मास्तर. पुढच्या खोलीत शिलाईची दोन मशिनं, भिंतीला लागून लांब टेबल, टेबलाच्या कडेला वर्षानुवर्षांच्या खडूचा पांढरा लेप. कापड दुहेरी घडी घालून कापलं की डावी-उजवी बाही आपोआप निघते. पण कापड पुरेना म्हणून त्यांनी त्या दिवशी सुटं कापलं, आणि दुसऱ्या बाहीच्या वेळी कागदी साचा उलटा करायचा राहिला. हे नवशिक्याकडून होतं. चाळीस वर्षं कात्री धरलेल्याकडून होत नाही. बरं, कापताना झालं तर झालं, पण शिवताना? बाही खांद्याला जोडताना हाताला कळतं, ती ऐकत नाही, पुढची फुगीर बाजू मागे जाते. त्यांनी ती ओढून, दामटून, बसवून टाकली आणि कोट हँगरला लावला. संध्याकाळी आईने बघितला. तिने तो आत नेला, शिवण उसवली, उरलेल्या तुकड्यांतून जोड देऊन उजवी बाही उभी केली, आणि जेवताना म्हणाली, "तुमचा नंबर वाढलाय वाटतं. चष्मा बदलून घ्या." ताईने माझ्याकडे बघितलं. मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होतो. मी म्हणालो, "मी नेतो त्यांना उद्या."

तक्रार वाचून दुरुस्तीवाला साडेअकराला आला. पन्नाशीच्या आतला, जाडसर, खांद्याला पिशवी, आणि तोंडात सतत कुठलीतरी चाल, शब्द नाहीत, नुसतं गुणगुणणं. माझ्या खुर्चीत बसला आणि मला बाजूचं स्टूल दिलं. स्वतःच्याच टेबलाशी स्टुलावर बसायचं म्हणजे पाहुण्यासारखं वाटतं. "काय होतंय साहेब?" मी म्हटलं, "स्लो आहे." "म्हणजे चालू व्हायला वेळ लागतो, की पान उघडायला, की टाइप करताना अक्षरं मागून येतात?" मी म्हटलं, "सगळंच." तो हसला. "सगळंच नसतं हो. कुठेतरी एका ठिकाणी अडत असतं, बाकीचे त्याच्या मागे रांगेत उभे राहतात." त्याने मशीन बंद केलं, चालू केलं, मनगटावरच्या घड्याळाकडे बघत राहिला. एक यादी उघडली, त्यात आत काय काय चाललंय ते दिसत होतं, आकडे वरखाली होत होते. मला आवडेना. आपल्या पोटात कोणी हात घालून चाचपतंय असं वाटायला लागलं, आणि मी उगाच खोकलो.

"एक नोंद दोनदा झालेली दिसतेय," तो म्हणाला. त्याला काय, तो जागा किती भरलीय ते बघत होता, समोर चुकांचा फोल्डर आला म्हणून बोलला. मला ती नोंद पाठ होती. तीन आठवड्यांपूर्वी मी एक पान भरत होतो, शेपटेचंच, जुळ्या मुलींचं. भरून झालं, बटण दाबलं आणि लाल अक्षरांत आलं, ही नोंद आधीच झालेली आहे. कोणी केली ते बघितलं, तर माझीच खूण. आदल्या दिवसाची तारीख, दुपारी तीन वाजून दहा मिनिटं. मी आदल्या दिवशी ते पान बघितलंच नव्हतं. मी शपथेवर सांगितलं असतं. जुळ्या मुली रोज येत नाहीत, माणूस विसरत नाही. झटपटबाईंना मी सांगितलं, "बघा, आता हा एकच नोंद दोनदा घेतो." त्यांनी मान हलवली. त्या रात्रीपासून मला झोप लागत नाही. बायको म्हणते, अॅसिडिटी असेल. मी म्हणतो, असेल. आणि त्या दिवसापासून मी प्रत्येक नोंद भरल्यावर मागे जाऊन बघतो. तारीख टाकली की पानावर बघतो, चौकोनात बघतो, पुन्हा पानावर. नाव टाकलं की तेच. काल भरलेलं आज उघडून बघतो. कधी कधी बघितलं की नाही ते बघायला पुन्हा उघडतो.

दुरुस्तीवाल्याला मी म्हणालो, "ती मशीनने केली दोनदा." तो म्हणाला, "असं सहसा होत नाही." मग माझ्याकडे न बघता, "पण होऊ शकतं," असंही म्हणाला. भला माणूस आहे. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. झाकली मूठ होती, गुमान अडतीस नोंदी करत बसलो असतो तर कोणी मला विचारायला येणार नव्हतं. मी स्वतः 'अत्यंत'खाली रेघ ओढून याला बोलावलं होतं.

वडिलांचे एकूण चार चष्मे झाले दीड वर्षात. पहिल्या वेळी नंबर खरंच थोडा बदलला होता, घरात आनंदीआनंद झाला. आई म्हणाली, बघ, मी म्हणत नव्हते? दुसऱ्या वेळी चष्मेवाला म्हणाला, किरकोळ फरक आहे, हवा तर करा. तिसऱ्या वेळेच्या आधी वडील टेप गळ्यात घालून टेप शोधत होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा, म्हणून आम्ही हसलो, तेही हसले, पण नंतर टेप हातात आल्यावर ते तिच्याकडे बघत उभे राहिले. मी त्यांना नेलं. चष्मेवाल्याने त्यांना अक्षरं वाचायला लावली, वरपासून खालपर्यंत त्यांनी घडाघडा वाचली. त्यांना बाहेर बसवून चष्मेवाला मला हळूच म्हणाला, "यांना व्यवस्थित दिसतंय. डोळ्यांचं नाही हे." मी त्याला म्हणालो, "तुम्ही फ्रेम दाखवा." त्याच नंबरची काच, नवी फ्रेम. घरी येऊन सांगितलं, अर्ध्याने वाढलाय. आणि सहा महिन्यांनी पुन्हा तेच, चौथा. मीच हौसेने काळी फ्रेम निवडली. त्यांनी तो घातला, खिडकीतून बाहेर बघितलं आणि म्हणाले, "हां. आता कसं स्पष्ट दिसतंय." ते वाक्य मी अजून विसरलेलो नाही. कारण मला तेव्हा वाटलं, आता यांना खरं-खोटंही कळेनासं झालं. पुढे दोन वर्षांनी ते माझं नाव विसरले, आणि चष्मा मात्र झोपतानाही काढू द्यायचे नाहीत.

"सापडलं," दुरुस्तीवाला म्हणाला. साडेबारा वाजले होते. गुणगुणणं थांबलं होतं. "तुमच्या मशीनवर दोन अँटिव्हायरस आहेत. एक जुन्या कंत्राटातला, एक नव्या. नवा टाकताना जुना काढायचा राहिला. आता काय होतं, तुम्ही पान उघडलं की पहिला तपासतो. त्याचं झालं की दुसरा तपासतो. मग पहिल्याला वाटतं, हा कोण पानाला हात लावतोय, म्हणून तो पुन्हा तपासतो. एका दाराला दोन वॉचमन, आणि दोघांचा एकमेकांवर विश्वास नाही." त्याने जुना काढून टाकला. मशीन बंद करून चालू केलं. मी एक पान दाबलं. एक, दोन, आणि उघडलं. अकराचे दोन. मी दुसरं दाबलं, तिसरं दाबलं, भराभर उघडली. मला इतकं हलकं वाटलं की काय सांगू. मी झटपटबाईंना हाक मारली, "बघा बघा, दोन दोन वॉचमन होते आत, मी म्हणत नव्हतो?" त्या खुर्ची वळवून खरंच हसल्या. म्हणाल्या, "चला, आता माझं काही खरं नाही." चष्म्याचा नंबर बदलल्यावर आई जे बोलली होती तेच मी बोललो होतो, आणि ते मला त्या क्षणी कळलंसुद्धा नाही.

आमच्याकडे दुरुस्तीनंतर एक पद्धत आहे. पूर्वी एक जण एकाच मशीनची आठवड्यात पाच वेळा तक्रार करायचा, तेव्हापासून मोठ्या बाईंनी घातलेली. दुरुस्त करणाऱ्याने अर्धा तास शेजारी बसायचं, ज्याची तक्रार आहे त्याने त्याच्यासमोर काम करायचं, आणि समाधान झालं की तक्रारवहीत स्वतःच्या हाताने लिहायचं, संगणक व्यवस्थित चालतो, तारीख, सही. त्याशिवाय तक्रार मिटत नाही. तर तो स्टुलावर बसला, वही मांडीवर घेऊन, आणि मी माझ्या खुर्चीत. एक वाजला होता. मी सुरू केलं. पान उघडलं, दोन सेकंद. सकाळचं मोत्यासारखं अक्षर. मुलगा, आईचं नाव, बापाचं नाव, तारीख सतरा. पानावर बघितलं, सतरा. चौकोनात बघितलं, सतरा. पानावर बघितलं. पुढे गेलो, कळवायला आलेला मामा, मागे आलो, सतरा आहे ना, आहे. पुढचं पान. मशीन आता माझ्यासाठी थांबत नव्हतं, माझ्या आधी जाऊन उभं राहत होतं. पूर्वी चाक फिरायचं तेव्हा मला एक आडोसा होता, तेवढ्यात मागची नोंद मनात घोळवून घेता यायची. आता तो आडोसा नव्हता. स्वच्छ उजेडात माझी बोटं कीबोर्डच्या वर थांबलेली दिसत होती. मला दिसत होती आणि त्यालाही. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा मला ऐकू यायला लागला, जो अकरा वर्षांत कधी आला नव्हता. मध्येच एकदा असं झालं की उघडलेल्या पानाकडे मी बघतोय, आणि त्याने गुणगुणणं थांबवलंय. मी दचकून टाइप करायला लागलो. किती वेळ गेला होता, देव जाणे.

"साहेब, एक विचारू? तारीख तुम्ही तीन-तीनदा बघता."

"जबाबदारीचं काम आहे," मी म्हणालो. "एक आकडा चुकला तर माणसाचा वाढदिवस बदलतो."

"नाही, बरोबरच आहे," तो म्हणाला. आणि थोड्या वेळाने, "फरक जाणवतोय ना पण?"

"हो," मी म्हणालो. "हां. आता कसं पळतंय." शब्द तोंडातून बाहेर पडले आणि मला खिडकीशी उभे असलेले वडील दिसले, काळ्या फ्रेमचा चष्मा घातलेले. मी कोपऱ्यातला आकडा बघितला. अर्ध्या तासात तीन नोंदी. सकाळी, दोन वॉचमन असताना, अर्ध्या तासाला तीनच होत होत्या. मशीन सुधारलं होतं आणि मी जिथल्या तिथे होतो. त्याने वही उघडून माझ्यापुढे ठेवली, पेनाचं टोपण काढून पेनही दिलं. मी पेन घेतलं नाही. मी आवाज खाली आणून त्याला विचारलं, "तो जुना परत घालता येईल का?"

त्याने पेनाला टोपण परत लावलं. "येईल की. दोन मिनिटांचं काम आहे." मग म्हणाला, "पण वहीत काय लिहिणार?"

तेवढ्यात फोन वाजला. ताईचा. ती रोज दीड वाजता करते, मी जेवलो का ते विचारायला, मी छप्पन्न वर्षांचा झालो तरी. मी त्याला "आलोच" म्हणून फोन घेऊन बाहेर पॅसेजमध्ये गेलो. तिथे एक मोडकी खुर्ची आहे, खिडकीकडे तोंड करून ठेवलेली. मी बसलो नाही. ती म्हणाली, "जेवलास का?" मी म्हटलं, "ताई, बाबांचे चष्मे आठवतात तुला?"

"आता हे काय मध्येच? ते चार ना? आठवतात की."

"शेवटच्या दोनांचा नंबर वाढलेलाच नव्हता. चष्मेवाल्याने मला सांगितलं होतं, डोळ्यांचं नाही म्हणून. मी तुम्हाला सगळ्यांना खोटं सांगितलं." हे मी इतक्या वर्षांत कोणाला बोललो नव्हतो. बायकोलाही नाही. मला वाटलं, आता ती चिडेल, रडेल, निदान विचारेल तरी, असं का केलंस.

"माहितीय रे," ताई म्हणाली.

"कोणी सांगितलं?"

"बाबांनीच. तू तो काळा आणलास ना, त्याच दिवशी. तू बाहेर गेल्यावर चष्मा काढून बोटांनी काच चाचपून बघितली त्यांनी. चाळीस वर्षं सुईत दोरा ओवणारा माणूस, त्याला आपली काच कळणार नाही? मला म्हणाले, काच तीच आहे गं, नुसती फ्रेम बदललीय. पोरगा घाबरलाय. त्याला चष्माच म्हणू दे."

मी भिंतीला टेकलो. म्हणजे खिडकीशी ते जे बोलले, ते मला बरं वाटावं म्हणून बोलले. त्यांना कळलं होतं. माझ्याही आधी कळलं होतं, कदाचित दुसरी बाही दामटून बसवतानाच कळलं असेल. आणि दीड वर्ष त्या घरात आम्ही सगळे त्यांच्याभोवती नंबर, काच, फ्रेम असं बोलत राहिलो, म्हणून त्यांना बोलायला कोणी उरलंच नाही. जे त्यांना होत होतं ते त्यांनी आमच्यापासून सांभाळून ठेवलं. मला रडू आलं. पॅसेजमधून शिपाई चहाचा ट्रे घेऊन गेला, त्याने बघून न बघितल्यासारखं केलं.

"अरे, आहेस का? काय झालंय?"

"ताई, गुरुवारी मोकळी आहेस?"

"का रे?"

"मला दाखवायला जायचंय. माझ्याबरोबर चल." मग तिने चुकीचं समजू नये म्हणून म्हणालो, "डोळे नाही."

तिच्याकडचा पंखा ऐकू येत होता. माझ्या मनात आलं, आता म्हणेल, काहीतरीच काय, तुला झोप नाही नीट, म्हणून होतंय. आणि मी लगेच हो म्हणालो असतो, मला माझी खात्री आहे.

"किती वाजता?" ताईने विचारलं.

मी आत आलो तेव्हा दुरुस्तीवाला पिशवी आवरून बसला होता, वही अजून मांडीवरच. झटपटबाईंनी खुर्ची माझ्या टेबलाशी सरकवून ठेवली होती, त्यांच्या हातात शेपटेचं पान होतं. "हे काय लिहिलंय हो? मघापासून डोकं फोडतेय." मी बघितलं. वाकलोसुद्धा नाही. "मावशी," मी म्हणालो. "कळवायला मावशी आली होती." मग मी वही घेतली आणि लिहिलं, संगणक व्यवस्थित चालतो. तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरकडे न बघता लिहिली. मग बघितली. बरोबर होती. सही केली.